पडदे हटवणारा डॉक्टर

पाठीचा कणा मोडून अंग लुळे पडलेला माणूस म्हणजे काही आठवड्यांचा सोबती, असे एकेकाळी वैद्यकशास्त्रच मानत असे. डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांना जगवले, कामाला लावले, मैदानावर उतरवले आणि ही विद्या जगभरच्या डॉक्टरांना शिकवली. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या या संशोधकाच्या आयुष्याचा हा परिचय.

१९१७ साल. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जर्मनीच्या अपर सायलेशिया भागातील केनिग्सह्युटे या कोळसा खाणींच्या गावात, खाणकामगारांसाठी असलेल्या इस्पितळात एक धिप्पाड तरुण दाखल झाला. खाणीतील अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे शरीर निर्जीव झाले होते. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये जखडले आणि त्याच्या खाटेभोवती पडदे लावले. इस्पितळात मदतनीस म्हणून काम करणारा सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा वही घेऊन या रुग्णाची नोंद करू लागला. तेव्हा वरिष्ठांनी त्याला सांगितले की, फार लिहीत बसण्याचे कारण नाही, हा माणूस काही आठवड्यांतच जाणार आहे. तसेच झाले. पाठीवर जखमा झाल्या, मूत्रमार्गात संसर्ग झाला, विष अंगभर पसरले आणि पाच आठवड्यांत त्या तरुणाचा अंत झाला.

तो मदतनीस मुलगा म्हणजे लुडविग गुटमान. पडद्याआडचा तो खाणकामगार त्याच्या मनातून कधी गेला नाही. पुढे सत्तावीस वर्षांनी एका परक्या देशात, युद्धकाळातील तात्पुरत्या बराकीत, त्याने अशाच रुग्णांची जबाबदारी हाती घेतली. तेव्हा त्याने सर्वांत आधी मोडीत काढली ती हीच समजूत, की या माणसांबद्दल लिहिण्यासारखे काही उरलेले नसते.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तोस्त या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. लुडविग तान्हेपण ओलांडतो न ओलांडतो तोच कुटुंब केनिग्सह्युटेला राहायला आले. १९१८ साली त्यांनी ब्रेस्लाऊ येथे वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली आणि १९२४ साली फ्रायबुर्ग विद्यापीठातून वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेतच ज्यूद्वेषाचा वास विद्यापीठांच्या आवारात येऊ लागला होता. गुटमान तलवारबाजी शिकले आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेत सक्रिय झाले. अपमान झाला तर मान खाली घालायची नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हाच घडला.

पदवीनंतर त्यांना जो गुरू लाभला, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. ब्रेस्लाऊचे ओटफ्रिड फ्योर्स्टर हे त्या काळी युरोपातील मज्जाशास्त्राचे अग्रगण्य नाव होते. लेनिन यांच्या अखेरच्या आजारात उपचारासाठी त्यांना मॉस्कोला पाचारण करण्यात आले होते. पुढे मेंदूशास्त्रात कीर्ती मिळवणारे कॅनडाचे वाइल्डर पेनफिल्ड यांच्यासारखे तरुण संशोधक त्यांच्याकडे शिकायला येत. फ्योर्स्टर स्वतः रुग्ण तपासत, स्वतः शस्त्रक्रिया करत आणि शस्त्रक्रियेनंतर लुळ्या अवयवांना व्यायामाने पुन्हा कामाला कसे लावायचे याचाही बारकाईने विचार करत. निदान, संशोधन आणि पुनर्वसन ही तीन वेगळ्या माणसांची तीन वेगळी कामे नव्हेत, हा धडा गुटमान यांनी त्यांच्याकडून घेतला. मध्यंतरी हॅम्बुर्गला एक वर्ष काढून ते परत आले आणि फ्योर्स्टर यांचे पहिले साहाय्यक झाले. गुरूच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. सकाळी सुरू झालेला दिवस रात्री उशिरा संपे. याच काळात गुटमान यांनी घामाच्या ग्रंथींवर संशोधन केले. ओलाव्याने रंग बदलणारी एक भुकटी रुग्णाच्या अंगावर पसरली, की कोणत्या भागात घाम येतो आणि कोणत्या भागात येत नाही याचा नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो आणि कोणती नस तुटली आहे ते त्यावरून कळते. ही चाचणी पुढे त्यांच्या नावाशी जोडली गेली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी इस्पितळांतून काढून टाकण्यात आले. फ्योर्स्टर यांचा पहिला साहाय्यक एका दिवसात बेकार झाला. गुटमान यांनी ब्रेस्लाऊच्या ज्यू इस्पितळात मज्जाविकार विभाग सांभाळला. १९३७ साली ते त्या इस्पितळाचे वैद्यकीय संचालक झाले. परदेशातून बोलावणी येत होती, पण हे संकट फार काळ टिकणार नाही, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री पुरती ढासळली. त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, पुरुषांची धरपकड सुरू झाली. गुटमान यांनी इस्पितळातील कर्मचाऱ्यांना आज्ञा दिली की, दाराशी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला काहीही न विचारता दाखल करून घ्यावे. रात्रीतून ६४ जण आले. दुसऱ्या दिवशी नाझी अधिकारी तपासणीला आले आणि एवढे रुग्ण अचानक कुठून आले याचा जाब विचारू लागले. गुटमान त्यांना खाटेखाटेवर घेऊन गेले. प्रत्येकासाठी त्यांनी उभ्या उभ्या एक रोग शोधून काढला आणि खुणेने रुग्णांना आजाऱ्याचा चेहरा करायला लावला. ६४ पैकी ६० जण वाचले. चौघांना मात्र नेण्यात आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या एका मित्राच्या उपचारासाठी नाझी सरकारनेच गुटमान यांना लिस्बनला पाठवले. त्यासाठी हिरावून घेतलेला पासपोर्ट त्यांना परत मिळाला. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्यांच्यासाठी व्हिसाची सोय करून ठेवली होती. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्स, मुलगा डेनिस आणि सहा वर्षांची मुलगी इव्हा यांच्यासह ते इंग्लंडला पोहोचले. मागे राहिलेल्या अनेक आप्तांना छळछावण्यांत मरण आले.

ऑक्सफर्डला त्यांना आसरा मिळाला, पण मान मिळाला असे म्हणता येणार नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, स्वतःचे इस्पितळ चालवलेला हा तज्ज्ञ आता शत्रुराष्ट्राचा नागरिक होता. प्रख्यात शल्यविशारद ह्यू केर्न्स यांच्या विभागात त्यांना संशोधनाची जागा मिळाली. रुग्णांवर स्वतंत्रपणे उपचार करण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. तुटलेली नस किती वेगाने पुन्हा वाढते, याचा अभ्यास त्यांनी येथे प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग आणि तरुण पीटर मेडावर यांच्यासमवेत केला. १९४२ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध त्या विषयात पायाभूत मानला जातो. मेडावर यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. बौद्धिक समाधान देणारे काम होते, पण गुटमान यांचे मन प्रयोगशाळेत रमत नव्हते. त्यांना रुग्ण हवे होते.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनावर एक टिपण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यासाठी त्यांनी जुने वैद्यकीय वाङ्मय चाळले. त्यातून दिसले ते निराशाजनकच होते. पहिल्या महायुद्धात अशा बहुसंख्य सैनिकांचे काही आठवड्यांत वा महिन्यांत प्राण गेले होते. जे उरले ते शुश्रूषागृहांत पडून होते. मात्र गुटमान यांनी या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मज्जारज्जू तुटल्याने माणसे मरत नव्हती. ती मरत होती शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातील संसर्गाने. ही दोन्ही कारणे टाळता येण्याजोगी होती. रज्जू सांधणे कोणाच्याच हाती नव्हते. जखम न होऊ देणे मात्र हाती होते.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. युरोपात दोस्त राष्ट्रांची मोठी चढाई व्हायची होती. जखमींची लाट येणार हे दिसत होते आणि कणा मोडलेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग हवा होता. हे काम घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. गुटमान यांनी होकार दिला, पण एका अटीवर. आपल्या पद्धतीने काम करू दिले पाहिजे आणि कोणी ढवळाढवळ करता कामा नये. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येला, एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात हा विभाग सुरू झाला. लांबट, बैठ्या बराकी, अपुरी साधने आणि मोजके कर्मचारी, असा तो संसार होता.

रुग्ण यायचे ते प्लास्टरच्या कवचात, शवपेटीत ठेवल्यासारखे. अनेकांच्या पाठीवर हाडापर्यंत पोहोचलेल्या जखमा असत आणि वॉर्डात दुर्गंधी भरलेली असे. गुटमान यांनी प्लास्टर फोडून टाकण्याचा हुकूम दिला. त्याऐवजी उशांचा आधार देऊन कणा योग्य स्थितीत ठेवायचा आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, हा नियम त्यांनी घालून दिला. दिवसाही आणि रात्रीही. एकाच जागी दाब पडून राहिला की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस सडू लागते. ज्याला संवेदना असते तो झोपेतही कूस बदलतो, पण ज्याला संवेदना नाही त्याची कूस दुसऱ्याने बदलली पाहिजे. विचार इतका साधा होता. तो अमलात आणणे मात्र महाकठीण होते. कर्मचारी कुरकुरत. तेव्हा हा संचालक स्वतः मध्यरात्री वॉर्डात येई आणि परिचारिकांच्या बरोबरीने रुग्णांना कुशीवर वळवी. नियम पाळला गेला की नाही हे विचारण्यापेक्षा जाऊन पाहणे त्यांना अधिक भरवशाचे वाटे. मूत्रविसर्जनासाठी नळी घालण्याचे कामही त्यांनी हाताचा स्पर्श टाळून, संपूर्ण निर्जंतुक पद्धतीने आणि सुरुवातीला डॉक्टरांनीच करावे असा दंडक घातला. या पद्धतीचा पडताळा त्यांनी वर्षानुवर्षे घेतला. १९६६ साली त्यांनी आपले शिष्य हान्स फ्रँकेल यांच्यासह ४७६ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने तिची उपयुक्तता जगापुढे मांडली.

खाटेजवळच्या निरीक्षणातून संशोधन कसे उभे राहते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू तुटलेल्या काही रुग्णांचे डोके अचानक भयंकर दुखू लागे. चेहरा लाल होई, कपाळावर घाम डवरे, नाडी मंदावे. कारण उमगत नसे. गुटमान यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांना सोबत घेतले आणि मूत्राशय भरत जाताना शरीरात काय घडते ते मोजले. रुग्णाला मूत्राशय भरल्याची जाणीव होत नसली, तरी इजेच्या खालचा मज्जारज्जू ती नोंद घेत असतो. त्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा लगाम तेथवर पोहोचत नसल्याने रक्तदाब भडकतो. १९४७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याचा व्यावहारिक अर्थ कोणत्याही परिचारिकेला समजेल असा होता. अशा रुग्णाचे डोके दुखू लागले तर आधी नळी तुंबली आहे का ते पाहा. ही एक गोष्ट माहीत नसल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन प्राण जाऊ शकतात.

माणूस जगला, पण पुढे काय, हा प्रश्न उरतच होता. विशी-पंचविशीतील ही मुले होती. आपण आता घरावर ओझे झालो, ही भावना त्यांना आतून पोखरत होती. गुटमान यांना दयेचा तिटकारा होता. त्यांच्या लेखी पुनर्वसनाची कसोटी एकच होती. रुग्ण इस्पितळातून बाहेर पडून कमावता आणि कर भरणारा नागरिक झाला पाहिजे. त्यामुळे व्यवसायोपचार हा त्यांच्या वॉर्डात वेळ घालवण्याचा छंद राहिला नाही. बसता येऊ लागले की रुग्णाने कार्यशाळेत जायचे. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांपैकी काहीतरी शिकायचे. भौतिकोपचाराने खांदे आणि दंड बळकट करायचे, कारण आता पायांचे कामही हातांनाच करायचे होते. लष्करातील एक व्यायामशिक्षक त्यासाठी नेमला गेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढे वेळापत्रक असे, की रुग्ण कंटाळून तक्रार करत. या आजारात आजारी पडायलाही सवड मिळत नाही, अशी थट्टा चाले. बुटके, गोल चणीचे, जाड मिशांचे आणि जर्मन धाटणीचे इंग्रजी बोलणारे हे डॉक्टर संतापत तेव्हा वॉर्ड हादरे. तरीही रुग्णांनी त्यांना नाव दिले होते ‘पोपा’, म्हणजे बाबा.

खेळाची कल्पना अशीच वॉर्डातून आली. एके दिवशी काही रुग्ण चाकांच्या खुर्चीत बसून, उलट्या धरलेल्या काठ्यांनी एक चकती टोलवत असल्याचे गुटमान यांच्या दृष्टीस पडले. त्या चेहऱ्यांवरचा जोम त्यांनी हेरला. आधी खुर्चीवरचा पोलो सुरू झाला, पण तो फारच धसमुसळा ठरला, म्हणून त्याची जागा नेटबॉलने घेतली. मग आली धनुर्विद्या. तिची निवड विचारपूर्वक होती. धनुष्य खेचताना पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू बळकट होतात, बसलेल्या धडाचा तोल सुधारतो आणि नेमबाजीत खुर्चीवरचा माणूस पायांवर उभ्या असलेल्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरली. त्यात १४ पुरुष आणि २ स्त्रिया होत्या. पुढच्याच वर्षी गुटमान यांनी जाहीरपणे सांगितले की, एक दिवस या स्पर्धा ऑलिंपिकच्या तोडीच्या होतील. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ती एका हट्टी डॉक्टरची अतिशयोक्ती वाटली असणार. १९५२ साली हॉलंडचे माजी सैनिक स्पर्धेला आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकपाठोपाठ त्याच शहरात २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. निवासाच्या इमारती खांबांवर उभ्या होत्या आणि त्यांना जिने होते. तेव्हा इटालियन जवानांनी खेळाडूंना खुर्चीसह उचलून वर नेले. या स्पर्धेलाच पुढे पहिले पॅरालिंपिक मानले गेले.

खेळांमुळे गुटमान जगाला ठाऊक झाले. त्यांच्या कामाचा दुसरा, कमी दिसणारा पण तितकाच दूरवर पोहोचलेला भाग म्हणजे त्यांनी घडवलेली माणसे. स्टोक मँडेव्हिल हे इस्पितळाइतकेच विद्यापीठ होते. तेथे देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका आणि उपचारतज्ज्ञ येत. शिकवण्याची रीत फ्योर्स्टर यांच्याकडून आलेली होती. शिष्याने आधी खाटेजवळ उभे राहायचे, रुग्णाच्या पाठीची कातडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, प्रत्येक नोंद ठेवायची आणि मगच मत मांडायचे. खुलासा चुकला की सर्वांसमक्ष कानउघाडणी होई. काहींना हा दरारा सोसवला नाही. जे टिकले त्यांनी आपापल्या देशात नवे विभाग उभे केले. फ्रँकेल यांनी मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता मोजण्यासाठी सहकाऱ्यांसह १९६९ साली मांडलेली श्रेणी अनेक वर्षे जगभर वापरली गेली. रोमजवळच्या ओस्तिया येथील केंद्राचे प्रमुख अंतोनिओ माल्यो यांनी १९६० च्या स्पर्धेचा भार वाहिला. बार्सिलोनात १९६५ साली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्पेनमधील पहिले इस्पितळ सुरू झाले आणि त्याला गुटमान यांचेच नाव देण्यात आले.

या शिष्यपरंपरेतील सर्वांत बोलकी कथा जपानची आहे. अस्थिरोगतज्ज्ञ युताका नाकामुरा हे १९६० साली स्टोक मँडेव्हिलला आले. तेथील रुग्ण काही महिन्यांत घरी आणि कामावर परततात, हे पाहून ते चकित झाले. मायदेशी परतून त्यांनी ओइता प्रांतात अपंगांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या, तेव्हा अपंगांचे प्रदर्शन मांडल्याची टीका त्यांना झेलावी लागली. १९६४ साली टोकियोत या स्पर्धा झाल्या आणि जपानी खेळाडूंना एक गोष्ट जाणवली. परदेशी खेळाडू नोकरी करणारे, संसार असलेले होते, तर ते स्वतः बहुतांशी इस्पितळांतून आणि निवासगृहांतून आले होते. नाकामुरा यांनी दुसऱ्याच वर्षी बेप्पू येथे ‘ताइयो नो इए’, म्हणजे सूर्याचे घर, ही संस्था स्थापन केली. मोठ्या उद्योगांच्या साहाय्याने तेथे अपंगांसाठी कारखाने उभे राहिले. कमावता नागरिक हीच पुनर्वसनाची कसोटी, ही गुटमान यांची शिकवण तेथे मूर्त झाली.

विखुरलेल्या अनुभवाचे शास्त्र व्हावे म्हणून गुटमान यांनी संस्थात्मक पायाही घातला. १९६१ साली या विषयातील डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९६३ साली ‘पॅराप्लेजिया’ हे नियतकालिक त्यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. १९७३ साली मज्जारज्जूच्या इजांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला. ज्या रुग्णांविषयी लिहू नकोस असे त्यांना १९१७ साली सांगितले गेले होते, त्यांच्याविषयीची ही शेकडो पाने होती.

त्यांचे सगळेच निर्णय काळाच्या कसोटीवर टिकले असे नाही. मोडलेल्या कण्यावर सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करण्यास त्यांचा कडवा विरोध होता. त्या काळातील शस्त्रक्रियांचे परिणाम पाहता तो समजण्याजोगा होता, पण तंत्र सुधारल्यावर शल्यविशारद वेगळ्या वाटेने गेले. आज लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे बराच कल आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मिश्रवर्णीय संघाला प्रवेश देण्याची त्यांची भूमिकाही वादग्रस्त ठरली आणि १९७६ च्या टोरंटो स्पर्धेतून काही देशांनी माघार घेतली. स्वतःच्या संस्थेवरची पकड ते सहजासहजी सैल करत नसत. ज्या हट्टाने त्यांनी रुग्णांना मृत्यूच्या दारातून ओढून आणले, तोच हट्ट अन्य ठिकाणी सहकाऱ्यांना जाचक होई.

१९७२ साली काळाने एक वर्तुळ पूर्ण केले. त्या वर्षीच्या स्पर्धा जर्मनीत होत्या. म्युनिकची ऑलिंपिक नगरी स्पर्धा संपताच घरांसाठी द्यायची असल्याने त्या हायडेलबर्गला हलवण्यात आल्या. ज्या देशाने त्यांना रुग्णांपासून तोडले होते, त्याच देशात चाकांच्या खुर्चीवरील खेळाडूंच्या जागतिक मेळाव्याचे नेतृत्व ७३ वर्षांचे सर लुडविग गुटमान करत होते. १९६६ साली ब्रिटनने त्यांना ‘सर’ हा किताब दिला होता. त्याच हायडेलबर्गच्या तरणतलावात महाराष्ट्राचा एक सुपुत्र उतरला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर उपचार म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले होते. पन्नास मीटर मुक्तशैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले, विश्वविक्रम नोंदवला आणि भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पोहणे हा उपचार, उपचारातून खेळ आणि खेळातून आत्मसन्मान, हा गुटमान यांनी आखलेला रस्ता होता. दोनच वर्षांनी, १९७४ साली, पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तेथेही व्यवसाय आणि खेळ यांना उपचारांइतकेच महत्त्व दिले गेले. पेटकर यांना पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

१९७६ साली रॉयल सोसायटीने गुटमान यांना सदस्यत्व दिले. ऑक्सफर्डमध्ये निर्वासित म्हणून दिवस काढलेल्या संशोधकाच्या दृष्टीने तो मान किताबापेक्षाही मोठा होता. निवृत्तीनंतरही ते स्टोक मँडेव्हिलच्या क्रीडाकेंद्रात काम करत राहिले. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. त्या वर्षीच्या ऑलिंपिकचे यजमान असलेल्या मॉस्कोने अपंगांच्या स्पर्धा भरवण्यास नकार दिला होता आणि त्या हॉलंडमधील आर्नहेम येथे घ्याव्या लागल्या. ऑलिंपिकच्या तोडीचे ते स्वप्न अजून अपुरेच होते. १९८८ साली सोलमध्ये दोन्ही स्पर्धा एकाच मैदानांवर झाल्या. २०१२ साली लंडनच्या पॅरालिंपिक नगरीच्या मानद महापौरपदी ब्रेस्लाऊहून आलेली ती लहानगी इव्हा होती. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकची ज्योत स्टोक मँडेव्हिल येथेच प्रज्वलित करण्यात आली आणि त्या स्पर्धेत भारताने २९ पदके जिंकली.

पदकांच्या या झगमगाटात एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. खेड्यातील विहिरीचे काम, इमारतीची परांची, रस्त्यावरचा अपघात यांत आजही कणे मोडतात. त्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे कोणत्याही क्रीडांगणावर ठरत नाही. ते ठरते रात्री दोन वाजता त्याची कूस बदलायला कोणी येते की नाही यावर, नळी स्वच्छ ठेवली जाते की नाही यावर आणि तो बसता झाल्यावर त्याच्या हाताला काम मिळते की नाही यावर. गुटमान यांचे सारे शास्त्र या तीन प्रश्नांभोवती उभे होते. केनिग्सह्युटेच्या त्या खाणकामगाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण त्याच्या खाटेभोवतीचे पडदे दूर करण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले आणि ते कसे दूर करायचे हे पुढच्या पिढीला शिकवून ठेवले.